वहीतल्या तीन फेऱ्या

बाजारात त्यांना मिलिग्रॅम म्हणत. वजनमापे तपासण्याच्या खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून वाईट नाव पडू शकले असते, तेव्हा हे त्यातल्या त्यात लाडाचेच म्हणायचे. पारड्याखाली चिकटवलेले मेण, आतून ठोकून तळ वर आणलेले माप, घासून घासून हलके केलेले किलोचे वजन, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एकदा एका वाण्याने हात जोडून विचारले, "साहेब, पाच ग्रॅमनं कोण मरतं हो?" साहेब पावती फाडता फाडता म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो." वाणी गप्प बसला. म्हण पटली म्हणून नव्हे. या माणसापुढे बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याला ठाऊक होते.

आपणही त्यांना साहेबच म्हणू. अशा माणसाला विमान उडवायचा नाद लागावा, ही देवाची करणी आणि नारळात पाणी. पण जवळून पाहिले तर तो नाद त्यांना शोभतच होता. छोट्या विमानात बसण्याआधी पंचेचाळीस गोष्टी तपासाव्या लागतात, आणि साहेब त्या पंचेचाळीसच्या पंचेचाळीस तपासत. क्लबातले बाकीचे लोक वीसबावीसवर थांबत आणि उरलेल्या देवाच्या भरवशावर सोडत. चाळिशीत त्यांनी खाजगी वैमानिकाचा परवाना काढला. लोक दारूत घालवतात ते साहेबांनी पेट्रोलमध्ये घालवले, एवढाच फरक, असे त्यांची बायको म्हणे.

पुढे एकुलती एक मुलगी लग्न करून परदेशी गेली. मग बायको गेली. साहेब वर्षातून एकदा पंधरा दिवस लेकीकडे जाऊ लागले. तिथे बापलेकीचे काही पटेना. नळ नीट बंद कर, पावती जपून ठेव, दुधाची तारीख बघितलीस का. साहेबांना प्रेम दाखवायची एवढीच रीत माहीत होती आणि लेकीला नेमकी तीच लहानपणापासून नकोशी झालेली. तिसऱ्या दिवसापर्यंत दोघे एकमेकांशी भांड्यांच्या आवाजातून बोलू लागत.

मग एका वर्षी साहेबांनी तिथल्या छोट्या तळावर विमान भाड्याने घेतले आणि लेकीला वर नेले. कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक, दोघांनीही समोर बघायचे. कोण जाणे कशाने, पण त्या तासाभरात ती आईबद्दल बोलली. न झालेल्या बाळाबद्दल बोलली. साहेबांनीही, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्याला संध्याकाळी घर खायला उठते हे कबूल केले. खाली उतरल्यावर पुन्हा नळ आणि पावत्या सुरू. पण दरवर्षी तो एक तास मिळू लागला, आणि साहेब बाकीचे वर्ष त्या तासावर काढू लागले.

त्या तासासाठी एक कार्ड लागे. परदेशात विमान चालवायचे तर तिथली नवी परीक्षा द्यावी लागते, किंवा मग आपल्या देशातल्या परवान्याच्या आधारावर तिथले सरकार एक कार्ड देते. क्लबात या कार्डाला बांडगूळ म्हणत, कारण त्याला स्वतःचे मूळ नसते. घरचा परवाना चालू, डॉक्टरचा दाखला चालू, तोवर ते चालू. शिवाय दर दोन वर्षांनी तिथल्या शिक्षकाला शेजारी बसवून उड्डाण करून दाखवायचे. आणि सोबत कोणाला न्यायचे असेल तर गेल्या नव्वद दिवसांत तीन वेळा उडून तीन वेळा उतरलेले असले पाहिजे. हे सगळे ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचे असते. वही तपासायला रोज कोणी येत नाही. सगळा कारभार माणसाच्या शब्दावर.

साहेब दरवर्षी पोचल्यावर पहिल्याच दिवशी तळावर जात आणि एकटेच तीन फेऱ्या मारत. याला कारण नुसता नियम नव्हता. विमान जमिनीला टेकल्यावर आडवा वारा त्याचे नाक आपल्याकडे ओढतो, तेव्हा पायातले पेडल लगेच दाबावे लागते. खंड पडला की पहिल्या लँडिंगला साहेबांचा पाय उशिरा जाई. दुसऱ्याला जरा बरा. तिसऱ्याला वेळेवर. वीस वर्षांत यात कधी बदल झाला नव्हता. पहिले लँडिंग कोणासोबत करायचे नाही, हे त्यांनी स्वतःपुरते ठरवूनच टाकले होते.

मग गेले वर्ष आले. घरच्या क्लबातल्या विमानाचे इंजिन उघडून ठेवलेले, चार महिने साहेब जमिनीवर. लेकीकडे गेले तर तिथे चौदा दिवस धुके आणि पाऊस. पंधराव्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे निघाले. साहेबांचे परतीचे विमान दुसऱ्या दिवशी होते, आणि दुपारपासून वारा वाढणार, ढग परत येणार, असा अंदाज होता.

त्या वर्षी लेक नाही, जावई वर जाणार होता. जावई म्हणजे बेकरीवाला, पोट सुटलेला, दिवसभर पिठात आणि दिवसभर थट्टेत. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पांढरा पडणारा माणूस. "यंदा मी येणार," असे त्याने वर्षभर फोनवर घोकले होते. "आमच्या भट्टीचं धुराडं वरून कसं दिसतं ते बघायचंय. मेलो तरी बेहत्तर."

निघताना लेक बेकरीच्या दारात आली. हात कोपरापर्यंत पिठाचे.

"बाबा, तुमचा सराव झालाय ना? तो नव्वद दिवसांचा काय नियम आहे तो?"

"झालाय," साहेब म्हणाले.

"नक्की?"

"झालाय म्हटलं ना."

ती लगेच आत गेली. तिला शंका घ्यायचे कारणच नव्हते. बाप खोटे बोलू शकतो हे तिच्या गावीही नव्हते. त्याच्या खरेपणाने तर तिचे अर्धे बालपण नासले होते.

तळाच्या फाटकाशी जावयाने गाडी थांबवली. साहेबांनी मांडीवर वही उघडली, पेनाचे टोपण काढले आणि लिहायला घेतले. वीस दिवसांपूर्वीची तारीख. घरच्या क्लबातले विमान. एक टेकऑफ, एक लँडिंग. खाली दुसरी ओळ. खाली तिसरी. अक्षर नेहमीसारखे सुबक. चौतीस वर्षांत त्यांनी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि हात जराही अडखळला नाही याचे त्यांना नंतर फार वाटले.

"काय लिहिताय?" जावयाने मान लांब करून वाचले. "अहो, पण तिकडचं विमान तर उघडून पडलंय म्हणालात ना?"

"एकट्यानं तीन फेऱ्या मारायच्या तर पाऊण तास जाईल. तेवढ्यात हवा बदलली तर तुमचं यंदाही राहून जाईल, जावईबापू. वीस वर्षं उडवतोय मी. फेऱ्या नंतर मारीन, हिशेब बरोबर होईल."

जावई मोठ्याने हसला. "म्हणजे मापात पाप! थांबा, आज तुमची पावती मी फाडतो."

साहेबही हसले. ती हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे असे त्यांना तेव्हा खरोखरच वाटले.

तळाची मालकीण आणि शिक्षिका एकच होती. साहेब तिला मास्तरीणबाई म्हणत. तिने वही उघडली, तीन ओळींवरून बोट फिरवले आणि किल्ली दिली. "तुमची वही मी कशाला बघते तेच कळत नाही," ती म्हणाली.

उड्डाण झकास झाले. जावयाने पहिली दहा मिनिटे डोळे मिटून घेतले होते. मग एक उघडला, मग दुसरा, आणि बेकरीचे धुराडे दिसल्यावर तो असा ओरडला की साहेबांना हेडफोनचा आवाज कमी करावा लागला. चाळीस मिनिटांनी ते उतरायला वळले. धावपट्टीशेजारची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी डावीकडच्या वाऱ्याने ताठ झाली होती. वारा ठरल्या वेळेच्या तासभर आधी आला होता.

चाके टेकली. डावा पंख उचलला गेला, नाक डावीकडे ओढले गेले. उजवे पेडल दाबायला हवे हे साहेबांना माहीत होते. पाय गेलाही. अर्ध्या सेकंदाने उशिरा गेला. विमान पट्टी सोडून गवतात शिरले, पुढचे चाक पावसाच्या चरात अडकले आणि सगळे जग एकदा फिरून उलटे थांबले. दोघे सीटच्या पट्ट्यांना लटकलेले, डोकी खाली. पेट्रोलचा वास. अशा वेळी पट्टा एकदम सोडायचा नसतो, आधी एका हाताने छताला आधार द्यायचा असतो. साहेब हे सांगणार होते. तोंडातून शब्द फुटायला दोनतीन सेकंद लागले. तेवढ्यात जावयाने पेट्रोलच्या भीतीने बक्कल उघडले, आणि त्याचे सगळे वजन त्याच्याच मानेपाठीवर आले.

साहेबांच्या भुवईला चार टाके पडले. जावयाचा पाठीचा मणका मोडला. कमरेखालचे सगळे गेले ते गेलेच.

इस्पितळात लेक बापाला काही बोलली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने डॉक्टरांना प्रश्न विचारले, फॉर्म भरले, साहेबांना एकदा पाणी आणून दिले आणि त्यांचे तिकीट पुढे ढकलून दिले. महिन्याभराने ते परतले. मग वर्षभर दर एक तारखेला तिचा एक निरोप यायचा: प्रकृती स्थिर. तुमची गोळी घेत जा. बस्स. साहेब फोन करत तेव्हा ती भट्टीवर असे. नवऱ्याची बेकरी आता तीच चालवत होती.

तपास चालू होता. त्यात एक भलतीच गोष्ट निघाली. अपघाताच्या दोन वर्षे आधी घरच्या सरकारने परवान्याच्या जुन्या पुस्तिका बदलून प्लॅस्टिकची कार्डे दिली होती, आणि परवान्याच्या नंबरापुढे एक शून्य वाढवले होते. साहेबांनी तेव्हा नवे कार्ड जुन्याशी शब्द न् शब्द ताडून पाहिले होते. शून्य त्यांना दिसलेही होते. पण आकड्याच्या डावीकडे शून्य लिहिले काय न लिहिले काय, किंमत तीच. हे ते चौतीस वर्षे वाण्यांना शिकवत आले होते. परदेशी कार्डावर मात्र जुना नंबर छापलेला. तिथल्या कायद्याप्रमाणे मूळ नंबर बदलला की त्याच्यावरचे कार्ड त्याच दिवशी बाद. म्हणजे दोन वर्षे साहेब बाद कार्डावर लेकीला फिरवत होते. मास्तरीणबाईंच्याही हे लक्षात आले नव्हते.

अहवाल अकरा महिन्यांनी आला. अपघाताचे कारण: अचानक वाढलेला आडवा वारा. परवाना: अवैध, नंबर जुळत नाही, मात्र फसवणुकीचा हेतू दिसत नाही. वैमानिकाचा अलीकडचा सराव: नोंदीनुसार पुरेसा.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज ओला होता.

"बाबा, मी अहवाल वाचला. एक शून्य, बाबा! आणि वारा. मी तुम्हाला मनातून काय काय बोलले. मला वाटायचं तुम्हीच काही तरी हयगय केली असणार. रोज वाटायचं. त्याला उचलून खुर्चीत बसवताना तर हमखास वाटायचं." ती रडू लागली. "मला माफ करा. मी असा संशय घ्यायला नको होता."

साहेबांच्या हातात फोन होता. समोर भिंत होती. बोलायची वेळ होती तर हीच होती, आणि त्यांना ते कळतही होते.

"असू दे, पोरी," ते म्हणाले. "असू दे."

ती म्हणाली, या. साहेब गेले.

घर बेकरीच्या वर होते, ते आता खाली आले होते. पिठाची पोती ठेवायची ती खोली झोपायची झाली होती. भिंतींना अजून मैद्याचा वास होता. दाराचा उंबरा छिन्नीने काढून टाकलेला. टेबल चार विटांवर चढवलेले, खुर्चीची चाके खाली जावीत म्हणून. जावई त्या टेबलाशी बसून साच्याने बिस्किटे पाडत होता. हात तेच, जाडजूड आणि चपळ. पाय मात्र मुलाच्या पायांसारखे बारीक झाले होते.

"या साहेब, या," तो म्हणाला. "बघा, शिडीची भीती कायमची गेली. चढायचंच नाही म्हटल्यावर भीती कसली!"

साहेबांना हसू आले नाही. लेक हसली. ती वर्षात दहा वर्षांनी मोठी दिसत होती, कपाळावर भट्टीच्या धगीचा डाग पडला होता, पण बापाला बघून तिच्या चेहऱ्यावर जे आले होते ते साहेबांनी बायको गेल्यापासून कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिले नव्हते. तिने त्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला. नळ थेंब थेंब गळत होता, तिने जाऊन बंद केला आणि म्हणाली, "तुम्ही बोलायच्या आधीच." चार दिवस असे गेले. चार दिवस साहेबांच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बेकरी बंद झाल्यावर तिने टेबल पुसले आणि एक फॉर्म आणून ठेवला.

"हे काय?"

"तुमचं बांडगूळ," ती म्हणाली. "नव्या नंबरानं अर्ज करायचा. मी चौकशी केली. मास्तरीणबाई म्हणाली, वारा कोणालाही फसवतो, म्हाताऱ्याला घरी बसवू नका, बसला की गंजेल. डॉक्टरचा दाखला तुमचा चालू आहेच. ती तुमच्याबरोबर बसून तपासणीचं उड्डाण करेल. मग आपण जाऊ. मी आणि तुम्ही."

"मी आता उडवत नाही, पोरी."

"मला माहितेय तुम्ही का उडवत नाही. म्हणूनच." तिने खुर्ची ओढली. "आपण खाली काही धड बोलतो का, बाबा? तुम्हीच सांगा. मला तो तास हवाय. माझं कोण आहे दुसरं बोलायला? ह्याच्याशी बोलायचं तर हा थट्टा करतो. मी रडले की हा जास्तच थट्टा करतो."

"धंदाच आहे माझा," जावई म्हणाला. पण तो फॉर्मकडे बघत होता आणि त्याच्या हातातला साचा थांबला होता.

ती भरू लागली. नाव, जन्मतारीख, परवान्याचा नंबर. शून्य काढताना तिने ते मुद्दाम मोठे काढले आणि बापाकडे बघून हसली. तिसऱ्या पानावर मागच्या उड्डाणांचा तपशील होता. तपासवाल्यांनी परत केलेली साहेबांची वही तिने उघडली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत उतरवू लागली. "आठ तारीख. एक टेकऑफ, एक लँडिंग. आठ तारीख, एक टेकऑफ, एक लँडिंग. आठ तारीख..." तीनही ओळी तिने स्वतःच्या अक्षरात फॉर्मवर लिहिल्या. मग पान फिरवून साहेबांपुढे सरकवले. "खाली घोषणा आहे. वरील माहिती खरी असल्याचे मी जाहीर करतो. इथे सही."

साहेबांनी पेन घेतले. सही केली असती तर जगात कोणाला कळले नसते. कागद सगळे जुळले होते. अहवाल बंद झाला होता. लेक परत मिळाली होती. समोरून जावयाने, तिला दिसणार नाही इतपत, मान हलवली: नका. त्याला साहेबांच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते कळले होते. साहेबांनी ती मान पाहिली. पण गेले चार दिवस हे ओझे त्यांना सोसेनासे झाले होते, आणि त्या क्षणी त्यांना फक्त आपले ओझे दिसत होते.

"त्या तीन फेऱ्या मी मारलेल्या नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिकडचं विमान उघडलेलं होतं. चार महिने मी उडलोच नव्हतो. त्या दिवशी सकाळी तळावर जाऊन या ओळी लिहिल्या. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. आणि ते लँडिंग..." त्यांनी पेन खाली ठेवले. "ते पहिलं होतं. पहिल्याला माझा पाय उशिरा जातो. वीस वर्षं जातो. मला माहीत होतं. वाऱ्यानं काही केलं नाही, पोरी. मी केलं."

ती फॉर्मवरच्या तीन ओळींकडे बघत राहिली. बराच वेळ तिला ते समजलेच नाही असे वाटले. जावई मात्र घाईघाईने बोलू लागला, आणि तिथेच त्याचा घात झाला.

"अगं, झालं गेलं ते. बाबांनी माझ्याच हट्टापायी केलं. मीच घाई करत होतो. पाऊण तास जाईल म्हणून त्यांनी गाडीत बसल्या बसल्या..."

"गाडीत," ती म्हणाली. ती आता नवऱ्याकडे बघत होती. "तू बघितलंस लिहिताना."

जावयाने साचा खाली ठेवला.

"बघितलंस की नाही?"

"बघितलं."

"मी तुला किती वेळा विचारलं? इस्पितळात विचारलं. घरी आणल्यावर विचारलं. रात्र रात्र विचारलं, नेमकं काय झालं ते सांग, मला बापाचा राग राग येतोय, मला कळू दे तो खरा की खोटा. तू काय म्हणालास?"

"वारा होता म्हणालो."

"का?"

"माझे पाय गेले होते," जावई म्हणाला. थट्टा त्याच्या तोंडावरून पुसली गेली होती आणि तिच्याखालचा माणूस फार थकलेला दिसत होता. "त्यात तुझा बापही जायला नको, म्हणून. तुला दुसरं माणूस नाही. आणि मीही हसलो होतो ना त्या वेळी. मी अडवलं असतं तर ते थांबले असते."

"आणि मी फोनवर रडले," ती बापाकडे वळली. "माफी मागितली तुमची. तुम्ही असू दे म्हणालात. माझी माफी घेतलीत तुम्ही, बाबा. घेतलीत आणि ठेवून दिलीत."

"पोरी..."

"दोघांपैकी एकानं तरी मला माणसात धरलं होतं का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक खोटं बोलतो माझ्या भल्यासाठी, दुसरा खरं बोलतो स्वतःच्या भल्यासाठी. आणि मी पहाटेपासून भट्टीपुढे उभी."

ती उठली. पेनाला टोपण लावले आणि बेकरीत निघून गेली. आत मोठे पातेले घासल्याचा आवाज सुरू झाला.

जावयाने खुर्ची दाराकडे वळवली, अर्ध्यावर थांबवली. मग साहेबांकडे पाठ ठेवूनच बोलला.

"वर्षभर सांभाळलं होतं मी हे, बाबा. मी नको म्हणून खुणावलं, तुम्ही बघितलंत. बघून बोललात."

"मला राहवलं नाही."

"हो ना. तुमचं मन मोकळं झालं. तुम्ही आठ दिवसांनी घरी जाल." तो म्हणाला. "मला इथेच राहायचंय. ती उचलेल तेव्हा उठायचं, ती वळवेल तेव्हा वळायचं. यापुढे ती मला हात लावेल तेव्हा काय विचार करत असेल, ते मी रोज बघणार."

 सगळ्यात लाजेची गोष्ट अशी की साहेबांना खरोखरच बरे वाटत होते. छाती मोकळी झाली होती, चार दिवसांत पहिल्यांदा भूकही लागली होती. त्यांना स्वतःची किळस आली, पण भूक गेली नाही.

संध्याकाळी सहाला ती परत आली. हात धुतले. "तुमचं तिकीट उद्याचं मिळतंय का बघा," ती साहेबांना म्हणाली, आणि आत नवऱ्याकडे गेली. रोज सहाला त्याच्या पायांना व्यायाम द्यायचा असे. गुडघ्यात वाकवायचे, सरळ करायचे, प्रत्येकी वीस वेळा. नाही तर सांधे आखडतात. त्या वेळी रोज त्या खोलीतून दोघांची वटवट ऐकू यायची, गिऱ्हाइकांच्या नकला, पिठाचा भाव, काहीबाही. आज साहेब बॅग भरत होते आणि मधल्या दारातून त्यांना फक्त आकडे ऐकू येत होते. ती पाय वाकवत होती, सरळ करत होती, मोजत होती. काम तेच, तितकेच नीट, हात कुठे कमी नाही की जास्त नाही.

"सहा. सात. आठ."

"माझं चुकलं," जावई म्हणाला.

"नऊ."

"अगं, शिव्या दे. काही तरी बोल ना माझ्याशी."

"दहा," ती म्हणाली. "अकरा."